यंदा गणपतीला मी येत नाही

24 ऑगस्ट 2026, दुसरा श्रावणी सोमवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई "जेवलीस का?" विचारते, बाबा "पहिली गाडी टायमात सुटली का?" विचारतात आणि तेवढ्यात मला कंट्रोलरचा फोन येतो. म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. ऑपरेशनला अजून महिनासुद्धा झालेला नाही, त्यांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

आधी वाईट बातमी. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती लांबले, 14 सप्टेंबरला बसतायत, तरी मला येता येणार नाही. कोकणासाठी एसटीच्या जादा गाड्या सोडायच्या आहेत. गेल्या वर्षी राज्यभरातून 5,000 जादा गाड्या जाहीर झाल्या होत्या, यंदाही तसंच धावपळीचं आहे. माझ्या आगारातून 14 गाड्या मुंबईला जाणार, तिथून चाकरमान्यांना घेऊन खाली कोकणात. बाबा, हे तुम्हाला सांगायला नको. नोकरीच्या 34 वर्षांत तुम्ही किती गणपती घरी होतात? आई म्हणते चार. मला तीनच आठवतात.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला सव्वा वर्ष लागलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये आगार व्यवस्थापक म्हणून ऑर्डर हातात आली तेव्हा मी पेढे घेऊन घरी आले होते. बाबा, तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, "स्टेअरिंग कधी हातात धरलंयस का?" एवढंच. मला फार लागलं ते. परतीच्या गाडीत कराडपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. आई निघताना कानात म्हणाली होती, "त्यांचं काय मनावर घेतीस?" मी घेतलं होतं. ज्या माणसानं मला लेखी परीक्षेला स्वतः सोडलं, त्यालाच माझ्यावर भरवसा नाही, असं वाटलं.

मग मी काय केलं, तर भरवसा आहे हे सगळ्यांना दाखवायला निघाले. आगारात गेल्या गेल्या आवाज चढवला. बाई म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये, हे डोक्यात पक्कं बसलेलं. उशिरा आलेल्याला मेमो, गणवेशाचं बटण उघडं असेल त्याला मेमो. दुसऱ्याच आठवड्यात पहाटेच्या पहिल्या गाडीचा चालक म्हणाला, "मॅडम, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढतीय, मी नेणार नाही." पुढच्या गावांत शाळेची पोरं थांबलेली असणार. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नाटकं नकोत, गाडी काढा." तो वाद घालत बसला नाही. लॉगशीट माझ्या टेबलावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसला. तिशीचा असेल, हात थरथरत होते त्याचे.

हेड मेकॅनिकनं गाडी बघितली. चालकाचं खरं होतं. आदल्या रात्रीच्या चालकानंही लॉगशीटवर तेच लिहिलं होतं, दोन ओळींत, स्वच्छ अक्षरात. मी ते वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर रात्रीच काम झालं असतं.

दुसरी गाडी लावली, ती चाळीस मिनिटं उशिरा गेली. मी केबिनचं दार लावून बसले. बाबा, खरं सांगते, त्या तासाभरात मला तुमचा फार राग आला. कारण तुमचा प्रश्न बरोबर होता. पन्नास माणसं मागं बसवून गाडी घाटात घालणाऱ्याला काय वाटतं, हे मला माहीत नव्हतं आणि मी त्याला हुकूम सोडत होते.

संध्याकाळी ड्यूटी बदलताना, सकाळी जिथं बोलले होते तिथंच उभी राहिले. म्हटलं, सकाळी चूक माझी होती, लॉगशीट वाचायचं काम माझं होतं. कुणी काही बोललं नाही. एक जुना कंडक्टर फक्त "चहा सांगू का मॅडम?" म्हणाला. त्या आगारात आपणहून मला विचारलेला तो पहिला चहा. तोवर माझा मीच मागवत होते.

त्या रात्री आईला फोन केला होता, आठवतंय? मी त्या चालकाबद्दल सांगत होते आणि आई, तू मध्येच विचारलंस, "त्याच्या घरी कोण असतं?" मला ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, "मग कसं गं?" आणि विषय बदलून वाटाण्याच्या भावावर गेलीस. बाबांच्या डब्यात दोन भाकऱ्या कायम जास्त असायच्या, बरोबरच्या कंडक्टरसाठी. कुणाची बायको बाळंतीण आहे, कुणाच्या बापाचं दुखणं आहे, हे तुला बाबांच्या आधी कळायचं. मी लहानपणी त्याला चौकशा म्हणायचे. आता माझ्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे आणि तिच्यात त्याच चौकशा आहेत. एकाच्या आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. एका वाहक ताईचं बाळ आठ महिन्यांचं आहे. एकाची मुलगी बारावीला, पहाटे तिला क्लासला सोडायला दुसरं कुणी नाही.

ड्यूटी लावणं हेच आगारातलं खरं राज्य, बाबा, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? मुक्कामाची गाडी कुणाला, लांबचा पल्ला कुणाला, सुट्टीच्या दिवशी डबल कुणाला. वही आल्यापासून मी सगळ्यांना हवं ते देते असं मुळीच नाही. अर्ध्यांना नाहीच म्हणावं लागतं. पण "नाही" म्हणताना त्याच्या घरी काय चाललंय ते मला माहीत असतं, आणि ते मला माहीत आहे हे त्याला माहीत असतं. भांडणं संपली नाहीत, पण भांडायला आता ते केबिनमध्ये येतात, युनियनच्या फलकावर जात नाहीत.

डिसेंबरात मी एकदा मुक्कामाच्या गाडीनं गेले. रात्री साडेनऊला गाडी गावात पोचली, चालक-वाहक शाळेच्या व्हरांड्यात झोपले आणि मी आशाताईंच्या घरी. सकाळी सहाच्या परतीला बघितलं तर निम्मी गाडी कॉलेजच्या पोरींनी भरलेली. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत आहे हे मला कागदावर पाठ होतं. पण ही एक गाडी चुकली तर त्यांचा अख्खा दिवस बुडतो, हे त्या पोरींनीच सांगितलं. परत आल्यावर सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना भेटले. आता एका वर्गखोलीची किल्ली वाहकाकडे असते, आत पंखा आणि दोन गाद्या आहेत. मोठं काही नाही. पण आता त्या मुक्कामाला जायला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि गाडीला उशीर झाला की सरपंच आधी मला फोन करतात, वर्तमानपत्राला नंतर.

हे सगळं मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, तुम्हालाच नाही तर कुणाला सांगू? भरवसा वाटायचा म्हणजे आपल्याला सगळं येत असलं पाहिजे, असं मी धरून चालले होते. मला गाडी चालवता येत नाही, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कळत नाही. हे ज्या दिवशी मोठ्यानं बोलून दाखवलं, त्या दिवसापासून मला केबिनमध्ये बसल्यावर कमी भीती वाटते. कसं ते मला धड सांगता येत नाही. आता मी विचारते. हेड मेकॅनिकला विचारते, कंट्रोलरला विचारते, त्या लॉगशीटवाल्या चालकाला तर रोजच विचारते. आणि सगळं ऐकून झालं की निर्णय मी घेते.

आता तुम्हाला विचारायचं आहे.

माझ्या 14 चालकांपैकी नऊ जणांनी पावसातला घाट बघितलेला नाही. काळ्या मातीच्या सपाट मुलखातली माणसं, सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी गाडी नेतात. मुंबई-गोवा महामार्ग कागदावर सोपा दिसतो. कशेडीला आता बोगदा झाला, पण पुढे खेडजवळचा भोस्ते आहे, चिपळूणच्या अलीकडचा परशुराम आहे, आणि काही फेऱ्या आपल्या कुंभार्लीवरूनही लागू शकतात. परिपत्रकं मी वाचून दाखवीन. पण ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, उतारावर न्यूट्रल करायचा नाही, चढत्या गाडीला आधी वाट द्यायची, हे माझ्या तोंडून ऐकताना ते मान डोलावतील आणि विसरतील. तुमच्याकडून ऐकलं तर लक्षात ठेवतील.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र मला आठवते. महाडला सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. तुम्हाला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी सकाळपर्यंत फोनजवळ बसून होतात, एकेका जुन्या सोबत्याला "तू कुठं आहेस?" विचारत. मी तेव्हा कार्यालयात टेबलावर काम करत होते. एवढं काय, असं मला वाटलं होतं. आता पाऊस लागला की मीही फोन उशाशी घेऊन झोपते.

तर शनिवारी, 5 सप्टेंबरला, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या चालकांना बोलावलंय. मी फोन लावीन, लाउडस्पीकरवर. बाबा, कुंभार्लीच्या धुक्यात दिवे कसे ठेवायचे ते सांगा. कुठली वळणं फसवतात ते सांगा. रात्री डोळा लागायला लागला की तुम्ही काय करायचात तेही सांगा, ते मला कधीच सांगितलं नाहीत. आधी आईला तोंडी सांगा, तिला वहीत उतरवू दे, म्हणजे ऐनवेळी काही राहणार नाही. आणि फोनवर ओरडू नका, स्पीकर चांगला आहे.

ते तुम्हाला विचारतील, मॅडमला गाडी येते का म्हणून. खरं तेच सांगा.

आई, मोदकांचं पीठ पाठवू नकोस, इथं करायला वेळच होणार नाही. गौरी जेवायच्या दिवशी व्हिडिओ कॉल कर, निदान ताट दिसू दे. बाबांच्या डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, मोजून. आणि बाबा, एप्रिलात 75 पूर्ण झाली, आता प्रवास मोफत आहे. तरी परवा कंडक्टरला ओळखपत्र न दाखवता तिकिटाचे पैसे दिलेत, हे मला कळलं. माझी माणसं सगळीकडे आहेत.

तुमची,
थोरली