सूचना: कर्करोगाच्या उपचारांनंतरची उदासी, सौम्य योग आणि ध्यान

सर्व सदस्यांनी कृपया वाचावे. केमो किंवा रेडिएशन संपले की घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच पुष्कळांचे मन खचते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. सौम्य योग आणि ध्यानाने या उदासीत आराम पडतो, पण ते चालू औषधांच्या जोडीला करायचे, औषधे बंद करून नव्हे.

सुरुवातीला दिवसाला 15 मिनिटे पुरेत. खुर्चीत पाठ टेकून 5 मिनिटे श्वास: 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर. दम लागला तर 3 आणि 4 मोजा. श्वास रोखू नका. मग खांदे आणि घोटे हळू फिरवा, प्रत्येकी 5 वेळा. शेवटी गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन. डोळे मिटताच भीतीचे विचार उसळत असतील तर डोळे अर्धे उघडे ठेवा आणि तळव्यांच्या स्पर्शाकडे लक्ष न्या. अनेकजण इथेच ध्यान सोडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन सांगेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका. आजार हाडांत असेल तर पुढे वाकणे आणि पीळ देणे टाळा, हाड मोडू शकते. पोटाचे टाके ओले असताना कपालभाती नको. केमोने पाय बधिर असतील तर सगळे बसूनच करा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर योग नाही, लगेच डॉक्टर.

उदासी 2 आठवडे टिकली तर ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगाच्या डॉक्टरांना) सांगा. जगणे नको वाटले तर त्याच क्षणी घरच्यांना उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा; सेवा मोफत आणि 24 तास आहे.