काळ्या गाडीला रबिंगआधी धुणे सुधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की सांगली-मिरजेतल्या वॉशिंग सेंटरांवर रांगा लागतात आणि काळी गाडी दिसली की 'रबिंग मारून देऊ का?' हा प्रश्न ठरलेला असतो. रबिंग म्हणजे खरखरीत पेस्टने रंगाचा वरचा थर घासून ओरखडे घालवणे. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसत असल्याने मालकही हो म्हणतो. हे ओरखडे बहुतेक वेळा धुण्यापुसण्यातूनच पडलेले असतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त काळ्या रंगावर त्यांच्या कडेवरून परतणारा उजेड डोळ्यात भरतो. धुण्याची पद्धत तीच ठेवली तर रबिंगनंतर ते पुन्हा येणारच. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. जोरकस रबिंगमध्ये त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज जातात, आणि तो संपला की पुन्हा रंग मारण्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून खरेदी पॉलिशच्या मशीनपासून न करता बादलीपासून करावी. पंधरा लिटरच्या दोन बादल्या, तळाला बसणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि न्यूट्रल पीएचचा (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) कार शाम्पू एवढे पुरते. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली माती सोडवावी, मग टपापासून सुरुवात करून दाराच्या खालच्या पट्ट्या शेवटी घ्याव्यात. दर पॅनेलनंतर मोजा साध्या पाण्यात खंगाळला की खडे तळाच्या जाळीखाली बसतात. चाकांचे फडके वेगळे. कपड्यांच्या पावडरीने रंगावर लावलेले वॅक्स निघून जाते. डिझेलचा हात मारला की तासभर चकाकी दिसते, पण मागे राहणाऱ्या तेलकट थरावर धूळ घट्ट बसते.

आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. थेंब उन्हात सुकला की क्षाराचे पांढरे कडे उरते. पुष्कळ घरांत आरओचे वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवतात. बचतीचा हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, तेव्हा ते फरशीला वापरावे. गाडीवरून शेवटी आरओचे शुद्ध पाणी बादलीभर सोडावे आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल न घासता टेकवून पाणी टिपावे. डाग बसलाच असेल तर पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घेऊन, सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर ओले फडके ठेवावे आणि लगेच धुवावे. तरीही कडे दिसले तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे, तिथे पॉलिशच लागेल.

सगळ्यात जास्त नुकसान ऊसतोडीच्या दिवसांत होते. तोड झालेल्या रानात पाचट पेटवले की काळे पापुद्रे उडत येऊन टपावर बसतात आणि पहाटेच्या दवाने चिकटतात. बोट लावले तर पापुद्र्याची भुकटी होते, म्हणून ती मऊ वाटते. पण उसाच्या पानात सिलिका भरपूर असते आणि पाने जळाली तरी ती राखेत उरते. सकाळी त्यावर कोरडे फडके किंवा डस्टर फिरवणे म्हणजे बारीक पॉलिशपेपर फिरवणे. हात न लावता पाण्याची धार सोडावी. पाणी नसेल तर गाडी तशीच न्यावी. धुळीच्या गाडीवर कव्हरही घालू नये, वाऱ्याने ते घासत राहते.

एवढे करूनही पॉलिश करायचेच असेल तर नवख्याने रोटरी (पॅड नुसते गोल फिरवणारे मशीन) आणि लोकरीच्या पॅडच्या वाटेला जाऊ नये. त्याने सावलीत आरशासारखी दिसणारी गाडी उन्हात ढगाळ पट्टे दाखवते. पंधरा मिलिमीटर फेऱ्याचे ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवतानाच हेलकावेही देणारे), पाच इंची मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचे चार थेंब घेऊन आधी दीड फुटाचा एकच चौकोन करून पाहावा. तेवढ्याने भागले तर कंपाउंडची, म्हणजे जास्त खरखरीत पेस्टची, गरज नाही. बॉडीलाइन आणि कडांवर थर पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावावा. नख अडकते तो ओरखडा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडू नये. काम बाहेर दिले असेल तर पैसे देण्यापूर्वी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, टॉर्च मारून पाहावा, कारण पॉलिशमधले तेल ओरखडे तात्पुरते बुजवते. रंगावर चढवलेल्या सिरॅमिक कोटिंगच्या संरक्षक थराने धुणे सोपे होते, मात्र फडक्याचे ओरखडे थांबत नाहीत.

खंडेनवमीला हळदकुंकू बॉनेटऐवजी काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावावे. तारेत ओवलेला हार नको, दोऱ्यात ओवलेलाही पूजेनंतर त्याच दिवशी काढावा, झेंडू ओला राहिला की डाग सोडतो. कुंकू रंगावर सांडलेच तर कोरडे पुसू नये, आधी पाणी ओतावे.

आपला वाचक,
विश्रामबाग, सांगली