उघडी गाडी आणि घरगुती वारारोधक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उघड्या टपाच्या गाडीत वारा समोरून झोंबतो, हा समज चुकीचा आहे. समोरच्या काचेवरून गेलेली हवा आसनांमागे खाली वळते आणि उलटी फिरून मानेवर येते. म्हणूनच १९८९ साली बाजारात आलेल्या माझदा एमएक्स-५ या गाडीचे इथे कॅलिफोर्नियातील काही हौशी मालक आसनांमागे पारदर्शक प्लास्टिकचा आडोसा घरीच तयार करून बसवतात. हौस स्तुत्य आहे, पण स्वस्त पडते म्हणून ॲक्रिलिक हे प्लास्टिक वापरणे मला धोक्याचे वाटते, कारण धक्का बसल्यास त्याचे अणकुचीदार तुकडे होतात, आणि हा पत्रा तर डोक्याच्या अगदी मागे असतो. पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लास्टिक सहसा फुटत नाही. त्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. कडा कानशीने गोल कराव्यात, आणि उन्हात प्लास्टिक प्रसरण पावते हे लक्षात घेऊन भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी पाडून रबरी वायसर घालावेत. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण वापरल्यास पत्रा धुरकट होतो, मग आरशातून मागची वाहने कशी दिसणार?

आपला,
एक वाचक, सॅन होजे