सदाशिव पेठेतल्या प्रेसवाल्या काकांना, दशांशांच्या पट्ट्यांबद्दल

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

आपल्या प्रेसमध्ये बिलबुके, हँडबिले आणि लग्नपत्रिका छापल्या जातात. पाचवीच्या गणिताचा त्या कामाशी काही संबंध असेल असे दारावरून जाणाऱ्या कोणालाही वाटणार नाही. तरीही आमच्या वर्गातील मुलांना दशांश अपूर्णांक हातात धरून पाहता आले ते आपल्या कटिंग मशीनमुळे आणि त्याहून अधिक आपल्या चोखंदळपणामुळे. हे आभाराचे पत्र मी खुले लिहीत आहे, कारण हा घटक शिकवणाऱ्या इतर शिक्षकांनाही आपण नेमके काय करून दिलेत हे कळावे, अशी माझी इच्छा आहे.

०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले की बरीच मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. पूर्ण संख्यांचा नियम ती दशांश चिन्हाच्या पुढेही तसाच चालवतात. फळ्यावर ०.४ च्या पुढे एक शून्य लावून ०.४० करून दाखवले तर उत्तर बरोबर येते, परंतु शून्य लावूनही किंमत का बदलत नाही, हा प्रश्न तसाच राहतो. रुपये-पैशांचे जुने उदाहरणही आता लंगडे पडले आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. ज्या मुलांनी पैसा कधी हाताळलाच नाही, त्यांना रुपयाचा शंभरावा भाग दाखवायचा तरी कशात?

म्हणून एक पूर्ण चौकोन, त्याच्या दहाव्या भागाच्या पट्ट्या आणि शंभराव्या भागाचे छोटे चौकोन असा संच प्रत्येक गटाला द्यायचा असे आम्ही ठरवले. मुलांनी वर्गात कात्रीने कापलेल्या पट्ट्या मात्र कुठे अरुंद, कुठे तिरक्या झाल्या, आणि एका गटाने माझ्याकडे चक्क अकरावी पट्टी मागितली, कारण दहा पट्ट्यांनी चौकोन झाकला जात नव्हता. त्यांचे निरीक्षण चोख होते. डोळ्यांसमोरचा पुठ्ठा जे सांगत होता तेच त्यांनी खरे मानले.

दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा एक सेंटिमीटरचा तुकडा मशीनच्या दाबाखाली नीट धरला जात नाही, सरकतो, असे सांगून बाजू वीस सेंटिमीटर घेण्यास आपण सुचवलेत. सल्ला यंत्राच्या सोयीचा होता, पण शिकवण्याच्या दृष्टीने तो फार मोलाचा ठरला. दोन सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाला ‘एक सेंटिमीटर’ म्हणण्याची सोय उरली नाही, त्यामुळे तो मोठ्या चौकोनाचा शंभरावा भाग आहे एवढीच त्याची ओळख मुलांजवळ राहिली. पूर्ण चौकोन पांढरा, पट्ट्या पिवळ्या आणि छोटे चौकोन निळे ही निवडही आपलीच. पहिला गठ्ठा कापून झाल्यावर दहा पट्ट्या चौकोनावर मांडून, कडेवरून अंगठा फिरवून पाहिल्याशिवाय आपण दुसरा गठ्ठा पात्याखाली घेतला नाहीत. दहा दशांशांचा बरोबर एक होतो हे आमच्या वर्गात कोणाला पाठ करावे लागले नाही, ते त्या अंगठ्यामुळे.

या संचावर आम्ही अदलाबदलीचा खेळ खेळतो. गटातील एक जण दोन फासे टाकतो, दुसरा तितके निळे चौकोन देतो, तिसरा प्रत्येक डावानंतरची बेरीज दशांश चिन्ह देऊन लिहितो आणि चौथा ती तपासतो. पुढच्या फेरीत कामे बदलतात. दहा निळे झाले की ते परत करून पिवळी पट्टी घ्यावीच लागते. नऊ शतांशांवर तीन शतांश आले की ०.१२ कसे होते, हे त्या देवघेवीत आपोआप उलगडते. मग ०.३५ आणि ०.४ यांचा वाद मी गटांवर सोपवला. चार पट्ट्या एका चौकोनावर, तीन पट्ट्या आणि पाच निळे तुकडे दुसऱ्यावर ठेवल्यावर पस्तीसचा पक्ष घेणारी मुलेच आधी गप्प झाली. एका मुलीने चार पट्ट्यांवर चाळीस निळे चौकोन रचले आणि “बाई, तेवढीच जागा लागते” असे सांगितले. शेवटच्या शून्याचा प्रश्न तिने मिटवला होता.

गुणाकारासाठी आपण पांढऱ्या चौकोनांच्या पाठीमागे फिकट रेघांची शंभर घरे छापून दिलीत आणि सोबत रंगीत जिलेटिन पेपर कापून दिलात. ०.३ × ०.२ चे उत्तर ०.६ येणार, यावर सगळा वर्ग ठाम होता. उभ्या तीन ओळींवर पिवळा आणि आडव्या दोन ओळींवर निळा कागद ठेवल्यावर जिथे दोन्ही रंग एकमेकांवर आले तिथे हिरवी दिसणारी घरे सहाच भरली, म्हणजे ०.०६. गुणाकाराने संख्या वाढतेच हा मुलांचा समज इतक्या शांतपणे मोडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. (हिरवा रंग कुठून आला, यावर मात्र आमची बरीच तासिका खर्च झाली.)

आपण वर्गात आलात त्या दिवशी आपल्या वडिलांच्या काळातील बिलबुकाचा नमुना आणला होतात, त्यात रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया. ३ रुपये ९ आणे ८ पै आणि २ रुपये ११ आणे ६ पै यांची बेरीज आपण गटांना घातलीत. एका रकान्यात बारा झाले की हातचा, दुसऱ्यात सोळा झाले की हातचा, असे करता करता ६ रुपये ५ आणे २ पै हे उत्तर दोनच गटांना आले. प्रत्येक घरात दहाच झाल्यावर हातचा घेण्याने आपले किती काम वाचते, हे त्यानंतर मला वेगळे सांगावे लागले नाही. माझ्या मते या घटकाची सुरुवातच अशा बेरजेने व्हायला हवी.

सहस्रांशाची पट्टी कापणे आपल्या यंत्रालाही शक्य नव्हते. तेव्हा आपण कागदाचे रीम पुढे केलेत. पाचशे कागदांची जाडी मुलांनी पट्टीने मोजली, ती सुमारे पाच सेंटिमीटर भरली, आणि भागाकार करून एका कागदाची जाडी ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर निघाली. त्यानंतर आपण आपल्या मायक्रोमीटरमध्ये एकच कागद धरून तोच आकडा दाखवलात, तेव्हा पाच-सहा डोकी त्या लहानशा उपकरणावर एकदम वाकली.

पुठ्ठ्याचे आणि मजुरीचे पैसे आपण घेतले नाहीत. त्याबद्दल शाळेच्या वतीनेही मी आपली ऋणी आहे. निळे चौकोन लहान असल्यामुळे काही हरवले आहेत आणि दोन संच अपुरे पडतात. लग्नसराईची आपली घाई सरली की मी नमुन्याचा एक चौकोन घेऊन येईन. या वेळी मोजदाद करायला मुलेही सोबत असतील.

आपली नम्र,
पाचवीची गणित शिक्षिका, पुणे