'पंखे ४, गीझर १' एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

परीक्षा संपल्या की शहरांत घरे बदलण्याचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग डिपॉझिटचे तंटेही. भिंतीला ओल आली आहे, ओट्याला तडा आहे, गीझर तापत नाही. भाडेकरू म्हणतो, हे आधीपासून होते. मालक म्हणतो, तुम्हीच केले. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार दोघांच्याही हातात असतो, पण त्याच्या परिशिष्टात 'पंखे ४, ट्यूब ५, गीझर १' यापलीकडे काही नसते. वस्तू किती होत्या हे त्यातून कळते, कशा होत्या हे नाही, आणि भांडण तर नेमके त्यावरच असते.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ ने पट्टेदाराला, म्हणजे भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याला, वाजवी झिजेपुरती सूट दिली आहे. पण लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी, भाडेपट्टा नव्हे. त्यामुळे ही सूट आपोआप मिळेल असे धरून न चालता 'नेहमीच्या वापराची झीज वगळून' हे शब्द करारात असल्याची खात्री करावी लागते. उलट बाजूने, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली मालक ताबा मागतो तेव्हा लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते. 'जागा सुस्थितीत मिळाली' हे छापील वाक्य न वाचता अंगठा उमटवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता नुकसान कोणाचे, हे ओळखायचे कसे? बऱ्याचदा वस्तूच सांगते. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर फरशीलगत रंगाला पापुद्रे आणि पांढरा खार असेल, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेलेले असते किंवा भिंतीतला पाइप झिरपत असतो. ते मालकाने पाहायचे. छतावर गोल पिवळा डाग असेल, तर आधी वरचा मजला पाहा. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा, गच्चीतून असेल तर सोसायटीचा. भाडेकरूचा यात कुठेच संबंध नसतो, तरी रंगाचे पैसे त्याच्या डिपॉझिटमधून कापले जातात. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलेले आणि खिडक्या वर्षभर बंद, अशा खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरते. ती मात्र वापराची चूक.

सॉकेटचेही तसेच. ६ अँपिअरच्या पॉइंटवर २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावली की साधारण पावणेनऊ अँपिअर खेचले जातात आणि सॉकेट काळे पडून वितळते. ते भाडेकरूने भरावे. पण १६ अँपिअरच्या पॉइंटवर गीझर लावूनही सॉकेट जळाले असेल, तर आतला स्क्रू सैल असतो किंवा वायर बारीक असते. टँकर-बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गीझरची कॉइल क्षार चढून जाते, टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉडही संपतो. ही झीज झाली. टाकीत पाणी नसताना गीझर चालू ठेवून कॉइल जळाली, तर तो निष्काळजीपणा. ग्रॅनाइटचा तडा सिंकच्या किंवा शेगडीच्या कापलेल्या कोपऱ्यातून निघाला असेल, तर खालचा आधार कमी पडल्याची शक्यता जास्त. ओट्याच्या मधोमध टवका उडाला असेल तर वरवंट्याची चौकशी करावी.

सर्वाधिक रडारड रंगाची. तीन करार, म्हणजे ३३ महिने राहिलेल्या भाडेकरूकडून पूर्ण रंगकामाचे पैसे घेणे गैर आहे. समजा रंगाचे आयुष्य ४८ महिने धरले आणि आत येताना रंग नवा होता. मुलांनी भिंती रेघोट्यांनी भरल्या, रंगाला ३२,००० रुपये लागणार. उरलेले आयुष्य १५ महिन्यांचे, म्हणून भाडेकरूचा वाटा १०,००० रुपये. रंग आधीच वर्षभर जुना असेल तर वाटा २,००० वर येतो. आणि रंग नुसता फिका पडला असेल तर काहीच नाही. करारात नुकसानभरपाई म्हणून ठोक रक्कम लिहिलेली असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मान्य करते.

घर सोडण्याच्या आठ दिवस आधी, वीज-पाणी चालू असताना, दोघांनी मिळून एक फेरी मारावी. सामान गेल्यावर दुसरी, कारण कपाटामागचे तेव्हाच दिसते. टॉर्च भिंतीला लावून आडवा प्रकाश टाकला की फुगलेले प्लास्टर लगेच कळते. सामान नेताना लिफ्टचा दरवाजा वाकला किंवा जिन्याची फरशी फुटली, तर सोसायटी मालकाला धरते, मालक डिपॉझिट कापतो आणि हमाल केव्हाच निघून गेलेले असतात. म्हणून पॅकर्सवाल्यांचे शेवटचे पैसे लिफ्ट आणि जिना पाहूनच द्यावेत.

'डिपॉझिट मिळाल्याशिवाय चावी देणार नाही' हा पवित्रा मात्र महागात पडतो. मुदत संपूनही ताबा सोडला नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या त्याच कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. मालकाला ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची, म्हणजे याच कायद्याखाली अशी प्रकरणे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची, वाट आहे; भाडेकरूला डिपॉझिटसाठी तशी झटपट वाट नाही. तेव्हा चावी द्यावी, पण पोच घेऊन आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात देखभालीची वाटणी परिशिष्टात दिली आहे: भिंतींची सफेदी, पाइप बदलणे, मुख्य वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, गीझर, स्विच, कुलपे, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राज्यांवर तो बंधनकारक नाही आणि गीझरबाबत आमचे मत वेगळे आहे, ते वर आलेच. तरी वाद घालायला निदान एक यादी तरी आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाने ऑनलाइन कराराच्या परिशिष्टात प्रत्येक वस्तूपुढे 'स्थिती' आणि 'किती जुनी' असे दोन रकाने आणि खोलीगणिक फोटो जोडण्याची सोय करावी.

तोवर साध्या कागदावर दोघांच्या सह्यांची यादी चालेल. फक्त त्यात एक ओळ आवर्जून घालावी: 'पहिल्या जोरदार पावसानंतर १५ दिवसांत कळवलेली गळती ताब्याच्या दिवशीचीच धरली जाईल.' मे महिन्यात पाहिलेल्या कोरड्या भिंती जुलैत वेगळ्याच निघतात.

– भाडेकरार नोंदणीच्या कामातील काही जण, पुणे