वाचनालयातल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

तुमच्या रजिस्टरात सध्या माझ्या नावापुढे दोन पुस्तकं आहेत. सदानंद देशमुखांची कादंबरी ‘बारोमास’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. एका वेळी एकच पुस्तक, हा वाचनालयाचा नियम. तरी तुम्ही दोन्ही हातात दिलीत आणि म्हणालात, “सूनबाई, हे झालं की लगेच ते धरा, मधात दुसरं काही वाचू नका.” गावातल्या ‘स्मृतिचित्रे’ची मधली पानं गेलेली, म्हणून तुम्ही मेहकरहून स्वतःच्या नावावर दुसरी प्रत आणलीत. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही पिकापाण्याचा विषय काढता, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

‘बारोमास’ आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या लेखकाची. तिला 2004 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ती संध्याकाळी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ, गुप्तधनाच्या मागे लागलेला त्याचा भाऊ मधू, वावरातून हाती न लागणारा पैसा. सासूबाई मधेच थांबवायच्या, “हे तं आपल्या घरातलंच लिवलं वो माय!” आपली वऱ्हाडी बोली एवढ्या जाड पुस्तकात, एवढ्या मानानं छापलेली पाहून त्यांना जे वाटलं, त्यासाठीच मी तुमची ऋणी आहे.

पण माझं मन अडकलं ते एकनाथच्या बायकोत, अलकात. शहरातून आलेली, या घरात न रमलेली आणि शेवटी निघून गेलेली. आमच्या आळीत तिला कोणी चांगलं म्हणणार नाही. मला मात्र तिची बाजू कळावी असं सारखं वाटत राहिलं. कादंबरी एकनाथच्या जवळ उभी आहे. त्याचा कोंडमारा आतून कळतो, तिचा बाहेरूनच दिसतो.

आणि मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे लगेच लक्ष्मीबाई धरल्या. साल वेगळं, गाव वेगळं, घरातलं सोवळं-ओवळं आमच्या कल्पनेपलीकडचं. इथं मात्र बाई स्वतः बोलते. अकराव्या वर्षी लग्न, शाळा नाही, घरात पैसा टिकू न देणारा कवी नवरा, नारायण वामन टिळक. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा सोडून कोण गेलं नि मागं कोण राहिलं, हे ती आपल्या तोंडानं सांगते. तिचा राग खरा, तिचं प्रेमही खरं, आणि एवढ्या दुःखातही ती हसवते. टिळकांकडे परत आल्यावरही तिनं आपलं सोवळं लगेच टाकलं नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः विचार करून करून माणसामाणसातला भेद तिनं मनातून काढला, तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. 1900 साली तिनंही बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं, येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ तिनं लिहायला घेतलं.

शेतीच्या दुखण्यावर ‘बारोमास’इतकं खरं मी काही वाचलेलं नाही, आणि कोणी एकच निवड म्हटलं तर आमच्या गावासाठी मी तीच निवडेन. पण ती वाचलेल्या प्रत्येक पुरुषाच्या हातात पाठोपाठ ‘स्मृतिचित्रे’ द्यावं असं मला मनापासून वाटतं. अलकानं आपली कहाणी लिहिली असती तर ती कशी असती, हा प्रश्न मला एकट्या ‘बारोमास’नं एवढ्या जोरानं पाडला नसता. तो तुमच्या त्या एका वाक्यानं पाडला. यासाठी काकाजी, मनापासून आभार.

मेहकरची प्रत बाजाराच्या दिवशी आणून देते. ‘बारोमास’ मात्र शेजारच्या नव्या सुनेनं मागितली आहे. तुमची हरकत नसेल तर माझं नाव खोडून तिचं लिहा. तिचं झालं की पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
गावातली एक वाचक