खाला, रोज्याच्या नियतबद्दल तुम्ही जे समजावलंत त्यासाठी

खाला, अस्सलामु अलैकुम,

हे समोर बसून बोलायला गेले तर तुम्ही "जा गं, काय मोठं केलंय मी" म्हणत उठून आत जाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही कारण तुम्हाला आवडणार नाही, पण आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांना दोन ओळींत कळेलच कोणाबद्दल चाललंय ते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. नियत म्हणजे रोजा ठेवायचा मनातला इरादा. माझं माहेर सोलापूर, आम्ही हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार इमामांच्या मसलकांपैकी (मतपरंपरांपैकी) एक. लग्न होऊन आले खेड तालुक्यात आणि कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे दुसऱ्या मसलकाचे. कुराण तेच, रोजे तेच, पण बारीकसारीक मसल्यांत (नियमांत) फरक असतो, असरची (तिसऱ्या प्रहराच्या नमाजची) अजान इथे आमच्याकडच्यापेक्षा बरीच लवकर होते त्याचीच सवय व्हायला मला वेळ लागला. मग आला इथला माझा पहिला रमजान, 2025 चा. आमचे हे कुवेतला, तिकडे 1 मार्चला पहिला रोजा. इथे आम्ही 28 फेब्रुवारीच्या रात्री मुंबईहून चांदची काही खबर येते का म्हणून मोबाईल घेऊन बसलेलो, आणि सासूबाईंचं एकच, मग नियत करायची की नाही? तेव्हा तुम्हाला पहिला फोन लावला होता आठवतंय? तुम्ही म्हणालात खबर नाही तर रमजानची नियत नाही, आणि खबर मध्यरात्री जरी आली तरी सुबह सादिकपर्यंत, म्हणजे पहाट फुटेपर्यंत वेळ आहे, तोवर झोपा. खबर आली नाही, आमचा पहिला रोजा 2 तारखेलाच झाला.

खरी गडबड पुढे. पहिल्या तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) सासूबाईंनी सगळ्यांना हाक मारली, "उद्याच्या रोज्याची नियत केली का सगळ्यांनी?" रात्रीचे साडेदहा वाजलेले. माझ्या माहेरी नियत म्हणजे सहरी (पहाटेचं खाणं) झाली की अजानच्या आधी, आणि सहरीला जाग नाही आली तर सकाळी उठून. मी तसं बोलले तर जाऊबाई म्हणाल्या रात्री नियत केली नाही तर तो रोजाच धरला जात नाही. सोलापूरला फोन केला तर अब्बा म्हणाले असं कोण म्हणतं, दुपारच्या आधीपर्यंत चालते. दोघंही ठाम आणि मधे मी. मोबाईलवर बघितलं तर आणखीच गोंधळ, एक जण सांगतोय अरबी शब्द म्हटल्याशिवाय रोजा नाही, दुसरा सांगतोय ते शब्द म्हणणंच बिदअत (धर्मात नसलेली नवी प्रथा), आणि कुठल्या मसलकाचं सांगतोय हे कोणी बोलायलाच तयार नाही. मला तर वाटतं अशा व्हिडिओंवर हनफी-शाफईची पाटी लावायची सक्तीच करायला हवी.

तर दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही मागच्या पडवीत पाटावर बसून विळीवर बांगडे साफ करत होता, मांजर बाजूला टपून, आणि मला वाटलं आत्ता नको विचारायला, पण तुम्हीच म्हणालात बोल, हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत.

आणि तुम्ही माझ्या अब्बांना चुकीचं नाही म्हटलंत की जाऊबाईंनाही. आधी दोन्ही बाजू माझ्यापुढे ठेवल्यात. शाफईंकडे पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सांची हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, ज्याने फजरच्या (पहाटेच्या) आधी रोज्याचा इरादा केला नाही त्याचा रोजा नाही, म्हणून फर्ज रोज्याची नियत रोज रात्री, मगरिबपासून (सूर्यास्तापासून) सुबह सादिकच्या मधे कधीही, आणि मनात रमजानचा रोजा असं स्पष्ट हवं. हनफींकडे आशुराच्या (मुहर्रमच्या दहाव्या) दिवसाची हदीस आहे, रसूलुल्लाह सल्ल. नी दिवसा पुकारायला लावलं होतं की ज्याने काही खाल्लं नसेल त्याने रोजा ठेवावा, म्हणून चालू रमजानचा रोजा असेल आणि पहाटेपासून पोटात काही गेलं नसेल तर सकाळी नियत केली तरी होतो. पण ते "दुपारच्या आधी" म्हणजे झोहरपर्यंत (दुपारच्या नमाजपर्यंत) नाही हे तुम्हीच सांगितलंत. सुबह सादिक ते मगरिब या वेळेचा बरोबर अर्धा काढायचा नि त्याच्या आत. मार्चच्या सुरुवातीला इथे सुबह सादिक पावणेसहाच्या सुमारास, मगरिब पावणेसातच्या, म्हणजे सव्वाबाराच्या आतच, झवालच्याही (सूर्य माथ्यावरून ढळण्याच्याही) अर्धा तास आधी. हातातला बांगडा तसाच धरून तुम्ही तोंडी हिशोब केलात, मी बघतच राहिले. मालिकींकडे (हाही एक मसलक) तर महिन्याच्या सुरुवातीला एकदाच केलेली नियत पुरते, मधे आजारपण किंवा प्रवासाने खंड पडला नाही तर, हेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मग म्हणालात, "तू हनफी आहेस ना, हनफीच राहा. फक्त रात्री नियत करून टाकत जा. रात्रीची नियत चारही इमामांकडे चालते, मग भांडायला उरतं काय?" एवढ्या एका वाक्याने घरातला तिढा सुटला. अब्बांना सांगितलं तर तेही म्हणाले बाई शहाणी दिसते.

रात्री एकदा नियत केली की पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी माझ्या धाकट्या दिराची समजूत होती, बिचारा साडेदहालाच तोंड बंद करून बसायचा. तुम्ही सांगितलंत की नियतनंतर खाल्लं-प्यायलं तरी नियत मोडत नाही, बंदी सुरू होते सुबह सादिकला. त्यानंतर तो रात्री एक वाजता फ्रिज उघडायला लागला ती तुमचीच मेहेरबानी.

आणि ती अरबी वाक्यं. दरवर्षी दुकानदार रमजानचं टाइमटेबल छापून वाटतात ना, खाली नियतची दुआ असते, ती पाठ होत नाही म्हणून माझी पुतणी रडकुंडीला आलेली. तुम्ही तिला जवळ घेऊन विचारलंत, उद्या काय आहे? ती म्हणाली रोजा. कसला? रमजानचा. झाली तुझी नियत, जा खेळ. नियतची जागा दिल आहे, तोंडाने म्हटलं तर मनाला मदत होते म्हणून म्हणायचं, नाही म्हटलं तर रोजा अडत नाही. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीने विचारलं होतं पूजेच्या आधी संकल्प सोडतात तसं असतं का, तिला हेच सांगितलं, तसंच काहीसं पण पळी-पाणी नाही आणि शब्दही लागत नाहीत.

आता जे मी मशिदीत कोणाला विचारूच शकले नसते ते. पाळी संपत आली की पहाटे काय करायचं, यावर आम्हा मुलींना कोणी नीट सांगितलेलंच नसतं, सगळं कुजबुजीत. तुम्ही सरळ सांगितलंत, सुबह सादिकच्या आधी रक्त थांबलं तर नियत करून टाक, आंघोळ नंतर झाली तरी रोजा होतो, फक्त फजरची नमाज जाऊ देऊ नकोस. आणि सुटलेले रोजे नंतर भरताना मात्र हनफींतही सकाळची सवलत नाही, कजाची नियत रात्रीच. हे मला ठाऊकच नव्हतं. थंडीत दिवस लहान असतात तेव्हा भरून टाक म्हणालात आणि त्या रोज्यांच्या आदल्या रात्री तुमचा मेसेज यायचा, "नियत?" बस एवढंच.

सगळ्यात जास्त आभार सासूबाईंसाठी. शुगर आणि किडनी दोन्ही, डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद सांगितले, आणि त्या रोज रात्री आम्हाला नियत करायला लावून स्वतः भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आम्ही समजावलं की चिडायच्या. तुम्ही येऊन बसलात, आधी तर नुसत्या बाजारभावाच्या गप्पा, मग सांगितलंत की आजारी आणि मुसाफिराला सूट खुद्द कुराणात आहे, सूरह बकरामध्ये, आणि बुखारीत (हदीसच्या संग्रहात) हदीस आहे की माणूस आजारी पडला तर तब्येत चांगली असताना तो जे करायचा तेवढं सवाब त्याच्या नावावर लिहिलं जातं. आणि कायमचं दुखणं असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचं अन्न, फिदया. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तांदळाचा डबा काढला आणि मापून पिशव्या भरायला बसल्या, फिदयाला शाफईंत एक मुद (धान्याचं जुनं माप) लागतो पण यांचं माप सढळ, वर "कमी नको पडायला" म्हणून प्रत्येक पिशवीत आणखी एक मूठ. गोळ्याही वेळेवर घ्यायला लागल्या. डॉक्टर महिनाभर ओरडत होते तेव्हा ऐकलं नव्हतं हो.

अल्लाह तुम्हाला याचा बदला देवो, जजाकल्लाह खैर.

बाकी एतिकाफचं (इबादतीसाठी एकाच जागी मुक्काम करून बसण्याचं) विचारायचंय. आमच्यात बायका घरातल्या नमाजच्या जागेवर बसतात, जाऊबाई म्हणतात मशिदीशिवाय होतच नाही. रविवारी येते. मासे मी आणते, साफ तुम्ही करा.